रांग हाच पहिला अंक

भाऊबीज झाली की आमच्या साकोली-लाखनीच्या पट्ट्यात मंडया लागतात. आज या गावची, उद्या त्या गावची. दुपारी बाजार, रात्री दंडार, खडी गंमत नाहीतर नाटक, आणि हलकं धान निघून मोकळ्या झालेल्या एखाद्या बांधीत आकाशपाळणा. मी मंडईला जाते ती मुख्यतः या पाळण्याची रांग बघायला. पाळण्यात बसतेही, अजून हौसेने बसते. पण त्या खेळाचं निम्मं सौंदर्य रांगेत आहे असं माझं मत आहे. नाटकाचं रसग्रहण होतं, दंडारीचं होतं, गाण्याचं होतं. पाळण्याच्या रांगेचं कुणी करत नाही. ते करण्यासारखं त्यात पुष्कळ आहे.

मंडईच्या रांगेला दोर नसतो, कठडा नसतो. तिकिटाच्या टेबलापाशी ती नुसता घोळका असते. लोखंडी पायरीच्या चार हात अलीकडे तिला आकार येतो. पायरीवरचा माणूस हात करतो तेव्हा दोघे आत जातात, कधी चौघे. मात्र दर वेळी पुढचेच जातात असं नाही, आणि या रांगेचं मर्म तिथेच आहे. चाक रिकामं असताना एकाच अंगाच्या बैठका भरून चालत नाही. भरलेली बाजू खाली ओढते, मोटार कण्हू लागते, चाक थांबवायला जावं तर भलत्याच जागी थांबतं. म्हणून तो एक बैठक भरतो, चाक अर्धं फिरवतो, तिच्या बरोबर समोरची भरतो, मग त्या दोन्हींच्या मधल्या. दोन धिप्पाड मामा एकीकडे बसले की पलीकडे तसेच दोन मामा तरी लागतात, नाहीतर चार पोरं. रांगेवरून त्याची नजर फिरते ती वजनं बघत. "माय, तुम्ही थांबा जरा, त्या दोघी येऊ द्या," असं तो म्हणतो तेव्हा आधी तिकीट काढलेल्या बाईला वाटतं, आपला नंबर कापला. ती भांडते. तो चाकाकडे बोट दाखवतो आणि काही बोलत नाही, कारण मागे अजून तीस माणसं उभी असतात.

मला त्या माणसाची ती नजर फार आवडते. हाताशी काटा नाही, कागद नाही, आणि तरी चाक भरेपर्यंत तोल साधलेला असतो. साधला की नाही हे कानाने कळतं. नीट भरलेल्या चाकाचा आवाज एकसारखा येतो. चुकलेल्या चाकाची मोटार एका बाजूला ओझं वाहिल्यासारखी दबते आणि दुसऱ्या बाजूला सुटते. रांगेत उभं राहून हा फरक ऐकायला शिकलं की वाट बघण्याचा कंटाळा जातो, कारण आता तुम्ही त्या चालकाबरोबर चाक भरत असता. पुढचा हात कुणाला होणार याचा अंदाज बांधता येतो. तो बरोबर आला की आनंद होतो, आणि हा आनंद पाळण्यात बसलेल्यांना मिळत नाही.

दुसरी गोष्ट चेहऱ्यांची. आकाशपाळण्याची रांग चाकाच्या पायथ्याशी असते, त्यामुळे वरून येणारी प्रत्येक बैठक रांगेच्या समोरून जाते. खाली येताना माणसाचा चेहरा लपत नाही. डोळे घट्ट मिटलेला कॉलेजचा पोरगा, पदर दातांत धरून हसणारी त्याची आजी, एका हाताने दांडी आणि दुसऱ्या हाताने उकडलेल्या शिंगाड्यांची पुडी धरलेला एक काका. हेच चेहरे वर जातात, दिसेनासे होतात आणि बदलून खाली येतात. पहिल्या फेरीला भेदरलेला पोरगा तिसऱ्या फेरीला हात सोडून बसलेला दिसतो. आपलं पुढे काय होणार ते रांगेतल्या माणसाला असं आधीच बघायला मिळतं. आमच्याकडच्या, म्हणजे झाडीपट्टीच्या, नाटकात पहिला अंक संपेपर्यंत खलनायक कोण ते सगळ्यांना ठाऊक झालेलं असतं आणि तरी मंडळी पहाटेपर्यंत हलत नाहीत. रांगेचंही तसंच आहे. पुढचं माहीत असणं इथे रसाला मारक ठरत नाही, उलट रस चढतो.

हीच गोष्ट पैसा आणि अभियंते हाताशी असताना कशी मांडतात ते बघायचं तर इकडून लांब जावं लागतं. गोंदियाहून येणाऱ्या विदर्भ एक्स्प्रेसमध्ये रात्र काढायची, कल्याणला उतरायचं, लोकलने खोपोली गाठायची. रायगड जिल्ह्यातल्या खोपोलीजवळ, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या लगत, २०१३ साली मनमोहन शेट्टींच्या ॲडलॅब्जने इमॅजिका उभं केलं; २०२२पासून ते संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे आहे. तिथला 'नायट्रो' हा बॉलिगर अँड माबिलार या स्विस कंपनीने घडवलेला रोलर कोस्टर. उंची सुमारे ४० मीटर, वेग ताशी १०० किलोमीटरच्या आसपास, वाटेत पाच वेळा माणूस उलटा होतो. आकडे सांगून त्याची चव कळत नाही. ती कळते फलाटावर.

नायट्रो 'फ्लोअरलेस' जातीचा आहे. म्हणजे गाडीला तळ नाही. बसणाऱ्याचे पाय उघड्यावर लोंबतात. पण तळच नसेल तर माणसांनी चढायचं कुठून? म्हणून फलाटावर रुळांच्या मध्ये जमिनीचे सरकते तुकडे असतात. गाडी येते तेव्हा ते वर असतात आणि माणसं त्यांच्यावरून चालत आसनापाशी जातात. खांद्यावरून हार्नेस खाली येतो, पट्टा अडकतो. कर्मचारी प्रत्येक हार्नेस हाताने ओढून बघतो आणि पुढच्या सहकाऱ्याला अंगठा दाखवतो. मग पायाखालची जमीन खाली सरकते. गाडीसमोरचं फाटक उघडतं. आत्तापर्यंत टेकलेले तळवे एकदम मोकळे होतात, आणि गाडी अजून तसूभरही हललेली नसते.

हा क्षण मी रांगेतून पुन्हा पुन्हा पाहिला आहे आणि त्याच्या रचनेला दाद द्यावीशी वाटते. रांगेच्या तोंडाशी उभा असलेला माणूस हे अगदी जवळून बघत असतो. समोरच्या चौघांचे पाय अधांतरी होतात आणि त्याच्या पायांना घाम फुटतो. त्याची पाळी पुढच्या गाडीला आहे. आपल्याही पायाखालून हेच जाणार हे त्याला आता पक्कं कळलेलं असतं. फलाट जरा आडोशाला असता, किंवा रांग पाठीमागून आली असती, तर हे दिसलं नसतं आणि नायट्रो पावपट कमी झाला असता. पुढे साखळी गाडीला ओढून वर नेते तेव्हा खट-खट-खट आवाज येतो. गाडी मागे घसरू नये म्हणून तिच्याखालच्या खिट्ट्या दातेरी पट्टीवरून जातात, त्यांचा तो आवाज. हे साधन सुरक्षेसाठी बसवलेलं आहे, पण खाली रांगेत तो आवाज ऐकणाऱ्याला दर खटक्यागणिक उंची मोजता येते. यंत्राच्या गरजेतून जन्मलेला परिणाम मला सजावटीच्या परिणामापेक्षा नेहमी मोठा वाटतो.

याच्या अगदी उलट तिथल्या 'डीप स्पेस'चं. तोही कोस्टरच, पण बंद इमारतीत, अंधारात. इथे रांगेला वाट दिसत नाही, वळणं दिसत नाहीत. नायट्रोची रांग दाखवून भिववते, डीप स्पेसची रांग लपवून. पहिलीत भयानक रस सरळ समोर उभा राहतो. दुसरीत अद्भुत आधी येतो आणि भय त्याच्या मागून हळूच शिरतं. मला पहिली जास्त रुचते. लपवण्याची रांग एकदाच पूर्ण रंगते. दुसऱ्यांदा गेलं की आत काय आहे ते माहीत असतं. दाखवण्याच्या रांगेत दर वेळी नवे चेहरे येतात.

लपवण्याच्या कलेचा सर्वांत मोठा नमुना मात्र कॅलिफोर्नियात आहे, आणि तोही गरजेतून घडला. डिस्नेलँडमधला 'हाँटेड मॅन्शन' १९६९ साली उघडला. भुतांचा वाडा दिसतो तिथे खेळ मावतच नव्हता. खरी इमारत बागेभोवतीच्या रेल्वेच्या पलीकडे होती. माणसांना रुळांखालून तिकडे न्यायचं कसं? डिस्नेवाल्यांनी एक अष्टकोनी खोली केली. माणसं आत शिरतात, दार मिटतं, भिंती ताणल्यासारख्या उंच होत जातात, भिंतींवरची चित्रं लांबतात आणि त्यांचे खालचे भयंकर भाग उघडे पडतात. प्रत्यक्षात ती खोली म्हणजे मोठी लिफ्ट आहे. जमीन खाली जात असते. पुढचा चित्रांचा बोळ रेल्वेखालून पलीकडे जातो. म्हणजे अडचण होती वाहतुकीची आणि तिच्यातून रांगेचा एक अजरामर प्रवेश निर्माण झाला. पुढे फ्लोरिडात दुसरा वाडा बांधला तेव्हा खाली उतरायची गरज नव्हती, तरी ती खोली ठेवलीच; फक्त तिथे जमीन जागेवर राहते आणि छत वर जातं.

रांगेचं गणित साधं आहे. जॉन लिटल या अमेरिकन प्राध्यापकाने १९६१ साली त्याची रीतसर सिद्धता दिली. रांगेत ८०० माणसं असतील आणि खेळ तासाला ८०० माणसं नेत असेल तर शेवटच्याला तासभर थांबावं लागणार. कठडे कसेही वळवा, त्यात मिनिटाचा फरक पडत नाही. पण तो तास कसा वाटतो यात फार फरक पडतो. डेव्हिड मेस्टर याने १९८५ साली त्यावर एक निबंध लिहिला, तो अजून वाचला जातो. रिकामं थांबणं लांबतं, गुंतलेलं थांबणं आटोपतं. किती वेळ ते माहीत नसेल तर लांबतं, सांगितलं तर सोसतं. आणि मागचा पुढे गेला की सगळ्यात जास्त लांबतं. मोठ्या पार्कात जास्त पैसे भरून वेगळ्या वाटेने पुढे जाण्याचं एक्स्प्रेस तिकीट असतं. मला ते खटकतं. झाडीपट्टीच्या नाटकालाही खुर्चीचं तिकीट वेगळं आणि खाली बसायचं वेगळं असतं, पण पडदा सगळ्यांसाठी एकदमच उघडतो. एक्स्प्रेसवाल्याच्या पुढे जाण्याची किंमत साध्या रांगेतला माणूस स्वतःच्या वेळाने भरत असतो, आणि मंडईतल्या चालकासारखं चाकाकडे बोट दाखवून त्याला काही समजावताही येत नाही.

आता बंद पडण्याविषयी. साकोलीजवळच्या एका गावच्या मंडईत, पाळणा ऐन भरात असताना लाइट गेली. बल्ब गेले, मोटार थांबली, आणि ज्या वाजणाऱ्या गाण्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं ते थांबल्यावर एकदम शांतता जाणवली. वर माझा भाचा होता. "आत्या, आखीन किती टाइम?" असं तो वरून ओरडून विचारत होता. चालक आणि त्याचे दोन सोबती चाकाच्या आऱ्यांना हाताने लटकले आणि अंगच्या वजनाने त्यांनी चाक फिरवायला घेतलं. एक बैठक खाली आली की तिसरा माणूस चाक रोखून धरायचा, दांडी काढायचा, माणसं उतरवायचा. पण उतरवतानाही तोच नियम: एक इकडची, मग बरोबर समोरची. खालची रिकामी करत गेले असते तर वरचा भार एका अंगाला येऊन चाक हातातून सुटलं असतं. घाबरलेल्या आया खालून "आमचं लेकरू आधी उतरवा" म्हणत होत्या, आणि तो एकीलाही न जुमानता आपला क्रम पाळत होता. त्या क्षणी तो मला दुष्ट वाटला असता, रांगेत उभं राहून त्याला चाक भरताना पाहिलं नसतं तर.

मोठ्या कोस्टरचं थांबणं याहून वेगळं आहे आणि ते समजून घेण्यासारखं आहे. रुळाचे ब्लॉक पाडलेले असतात आणि नियम एकच: एका ब्लॉकमध्ये एका वेळी एकच गाडी. पुढची गाडी ब्लॉकमधून निघाल्याची खात्री सेन्सरने दिल्याशिवाय मागची सोडायची नाही. आपल्या रेल्वेचे सिग्नल याच तत्त्वावर चालतात. एखाद्या सेन्सरने चुकीचं सांगितलं, किंवा काहीच सांगितलं नाही, तर संगणक वाईटात वाईट गृहीत धरून सगळं थांबवतो. ब्रेकही बहुधा असे बांधलेले असतात की दाबाची हवा त्यांना उघडं ठेवते. हवा गेली की ते आपोआप आवळले जातात. म्हणून मधल्या चढावर थांबलेली गाडी बघून 'बिघडली' म्हणणं अर्धं खरं. पुष्कळदा एक बारीकसा भाग बिघडलेला असतो आणि बाकीची सगळी व्यवस्था चोख वागलेली असते. साखळीच्या चढाला लागून पायऱ्या असतात त्या याचसाठी. पुन्हा सुरू करण्याआधी रिकामी गाडी सोडून बघतात. रांगेतल्यांना ती रिकामी फेरी म्हणजे वेळेचा अपव्यय वाटतो. मला ती पाहायला आवडते: कुणी किंचाळत नाही, त्यामुळे रुळांचा आणि चाकांचा खरा आवाज ऐकू येतो.

पार्कवाले इथे एक संधी वाया घालवतात. 'तांत्रिक कारणाने खेळ बंद' एवढीच पाटी लागते आणि रांग अंधारात राहते. मेस्टरने १९८५ मध्ये सांगितलेलं अजून कुणाच्या कानावर गेलेलं दिसत नाही. ब्लॉक म्हणजे काय, सेन्सर काय करतो, रिकामी फेरी कशासाठी, हे चार ओळींत लिहिलेलं चित्र रांगेच्या कठड्यावर कायमचं लावावं. माणसं समजूतदार असतात. मंडईतली ती भांडणारी बाईसुद्धा चाकाकडे एकदा नीट पाहिलं की गप्प होते. आणि मंडईच्या पाळण्याचा परवाना आणि तपासणीचा कागद मालकाच्या पेटीत न राहता रांगेतून वाचता येईल असा टांगलेला असावा, हेही माझं मागणं आहे.

जुन्या खेळाला नवी थीम चढवणं ही हल्लीची मोठी चळवळ. डिस्नेने 'स्प्लॅश माउंटन' हा जलखेळ २०२३ मध्ये बंद केला, कारण त्याची मूळ कथा वंशभेदाच्या वादात अडकलेल्या एका जुन्या चित्रपटातली होती. २०२४ मध्ये त्याच पाण्याच्या वाटेवर, त्याच उंच घसरणीवर 'टियानाज बायू ॲडव्हेंचर' उघडला. घसरण तीच, कथा नवी. फ्लोरिडातला हा नवा खेळ सुरुवातीला वरचेवर बंद पडायचा, त्याच्या बातम्याही झाल्या. कथा बदलणं रास्त होतं. एक कसोटी मात्र मी दर नव्या थीमला लावते: खेळाच्या शरीराशी कथा जुळते का? पाण्यातल्या घसरणीला नदीची कथा शोभते. उंचावरून सोडून देणाऱ्या मनोऱ्याला कसलंही नाव दिलं तरी पोटात तोच गोळा येतो. तिथे थीम वरवरचा रंग होते.

या कसोटीला इमॅजिकातली एक थीम मला मनापासून पटते: 'राजासॉरस रिव्हर ॲडव्हेंचर'. डायनोसॉरचा जलखेळ म्हटलं की परदेशी टी-रेक्स आणून उभा करायचा मोह होतो. इथे ज्याचं नाव घेतलं तो आपल्या भूमीतला आहे. गुजरातमधल्या राहियोलीला मिळालेल्या हाडांवरून २००३ साली त्याचं 'राजासॉरस नर्मदेन्सिस' असं नामकरण झालं. नाव नदीचं, खेळ नदीचा. जुळणी चोख आहे.

पण इथून पुढे जाता येईल, आणि ते रांगेतच करता येईल. राजासॉरस ज्या लॅमेटा खडकात सापडला तोच खडक आपल्या विदर्भातही उघडा पडलेला आहे. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुरा नावाचं गाव आहे. तिथे डायनोसॉरची हाडं तर मिळालीच, शिवाय त्यांची दगड झालेली विष्ठा मिळाली. त्या विष्ठेत गवताच्या पानांतले सिलिकाचे अतिसूक्ष्म कण सापडल्याचं २००५ साली जाहीर झालं, आणि डायनोसॉरच्या काळात गवत होतं की नाही हा जुना प्रश्न निकालात निघाला. २०११मध्ये त्याच अवशेषांवरून संशोधकांनी दाखवलं की त्या गवतांत भाताच्या कुळातली गवतंही होती. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, आमच्या शेजारच्याच जिल्ह्यात, एक अजस्र प्राणी धानाचे पूर्वज चरत होता. भंडाऱ्यासारख्या धानाच्या जिल्ह्यातल्या मुलाला याहून मोठी थीम कोणती देणार?

नागपुरात किंवा आसपास कुणी नवा जलखेळ बांधत असेल तर ही रांग मी आत्ताच डोळ्यांपुढे आणू शकते. सुरुवात उजेडात, दोन्ही अंगांना खरं धान लावलेलं, पाणी भरलेल्या बांध्यांतून जाणारी वाट. पुढे छप्पर खाली येत जातं आणि धान हळूहळू रानगवतात बदलतं, इतकं हळू की कुठे बदललं ते मुलांनी भांडून ठरवावं. मग काचेखाली पिसदुऱ्याच्या खडकाचा एक तुकडा आणि त्याच्यावर भिंग, ज्यातून तो सिलिकाचा कण दिसावा. शेवटच्या वळणावर, बोटींच्या धक्क्यावरून, आधी गेलेल्यांची घसरण आणि भिजून परत आलेले त्यांचे चेहरे समोर दिसलेच पाहिजेत. ती खिडकी कोणत्याही सजावटीपायी बुजवू नये. एक्स्प्रेसची वाट ठेवू नये. अशी रांग झाली तर साकोलीहून पहाटेची एसटी धरून भाच्याला घेऊन मी जाईन, आणि आत जायला दोन तास लागले तरी चालतील.